आप्पांचा पाण्यातला कळप

आप्पा शिंपल्यांनाही मेंढरंच म्हणायचे. यवतजवळच्या त्यांच्या शेततळ्यात आडव्या बांबूंना दोऱ्या, दोऱ्यांना जाळीच्या पिशव्या आणि पिशव्यांत मोत्यांसाठी पाळलेले नदीतले शिंपले. रोज सकाळी पिशवी वर ओढून ते एकेकाला टिचकी मारत. उघडं तोंड झटकन मिटलं, की "जित्तं हाय" म्हणून पुढचा.

हा उद्योग मीच त्यांच्या गळ्यात मारला होता. चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी विद्वान झालो होतो. प्रमाणपत्रावर गोल शिक्काही होता. माझ्या शब्दावर आप्पांनी शेवटची वीस मेंढरं विकली. गाव हसलं. आप्पा म्हणाले, "हसू द्या. मेंढरामागं चालून पाय गेलं. ह्यो कळप तरी एका जागी बसंल."

फक्त अलीकडचे उन्हाळे त्यांना पटत नव्हते. "पयल्यासारखं ऊन ऱ्हायलं न्हाई. मेंढरू सावली तरी गाठतं. ह्यास्नी पाय कुठं हायती? आपुनच न्यायला पायजे." म्हणून दुपारी ते कोपरापर्यंत हात पाण्यात घालत. कोमट लागलं की गाठी सोडून दोऱ्या गार पाण्यात खाली. प्रशिक्षणात मिळालेल्या माझ्या छापील कागदात हाताचा उल्लेख नव्हता. त्यात खोली ठरलेली होती, आणि ऊन कागद वाचूनच पडतं अशी माझी श्रद्धा होती.

एका मे महिन्यात आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दौंडला गेले. "पानी तापलं की दोऱ्या तेवढ्या सोड." मी "व्हय आप्पा" म्हणालो, आणि सोडल्या नाहीत.

पाचव्या दिवशी तळ्याला वास सुटला. शिंपले तोंड वासून मेले होते. गाव जमलं, तेव्हा "पाणीच खराब होतं" असं मी शास्त्रीय चेहऱ्यानं सांगितलं. डोळ्याला हिरवी पट्टी लावलेले आप्पा काठावर बसले आणि त्यांनी गाठी चाचपल्या. जाताना त्यांनी मारलेल्या, तशाच होत्या. कडेची एकच दोरी आपोआप घसरून खाली गेली होती. तिच्या पिशवीतल्या शिंपल्यांना त्यांनी टिचकी मारली. तोंडं मिटली.

"ह्यांनी तुजा कागुद वाचला न्हवता, सायेब," ते माझ्यापुरतं म्हणाले. मग लोकांकडे वळून मोठ्यानं, "उन्हाळाच तसला. कुनाचा दोस न्हाई."

त्या पावसाळ्यात आप्पा दुसऱ्याची मेंढरं राखायला गेले. त्याच गेलेल्या पायांनी. परत आले ते आजारी होऊनच, आणि उठले नाहीत.

हल्ली मी शिंपलेपालनावर व्याख्यानं देतो. "आधी पाण्यात हात घाला," म्हणतो. टाळ्या पडतात. हे कुठं शिकलात असं कुणी विचारलं, की नम्रपणे "अनुभव" म्हणतो. अनुभव आप्पांचा. त्या गाठी मी सोडल्या नव्हत्या, हे वाक्य मात्र आजवर एकाही व्याख्यानात बसलं नाही.