मोबाईलला न कळलेली शीळ

पांढरकवड्याच्या स्टँडवर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला मी पक्ष्यांचे आवाज ओळखणारं ॲप दाखवलं. त्यानं मान तिरपी करून, दोन बोटं ओठांवर ठेवून शीळ घातली. ॲप म्हणालं, पावशा. म्हातारा खूश झाला. मग त्यानं दुसरी शीळ घातली, हळू आणि लांबलचक. ॲप गप्पच.

"त्याले नाही समजणार," तो म्हणाला. "ते पाखरू आता जंगलात नाही राह्यलं. बापानं शिकवलं होतं मले. आता ते माह्याच तोंडात उरलं."

तेवढ्यात माझी बस लागली. आवाज जपून ठेवायचं बटण माझ्या बोटाखालीच होतं. ते दाबायचं सोडून मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला धावलो.

जागा मिळाली, खिडकीची.