करमाफीचा रोखा आणि एक भिंत

मंडळी, आत्ताच धारच्या कचेरीतून देवासला परतलोय. वाचनालयाच्या फळ्यावर लिहूनच टाकतो, पोटात ठेववत नाही.

संस्थान विलीन झालं आणि माझी दरबारातली कारकुनी गेली. हातात आलेल्या रकमेतून मी घरबांधणीचा रोखा घेतला. दुसऱ्या रोख्यांना व्याज जास्त होतं, पण याच्यावर छापलं होतं, व्याजाला करमाफी! आमच्या पणजोबांना माफीची, म्हणजे सारा न लागणारी, जमीन होती. माफी म्हणजे दरबारचा मान, एवढंच मला ठाऊक. रोखा काचेच्या चौकटीत बसवून त्यांच्या सनदेशेजारी टांगला.

तेव्हा ही म्हणाली होती, "अहो, पण आपल्याला कर लागतो कुठे?" मी तिला गप्प केलं.

आता दरबारी क्वार्टर महिनाअखेर सोडायचंय. म्हणून चौकट काखेत मारून रोखा मोडायला गेलो. खिडकीतला कारकून भला होता. म्हणाला, "काका साब, मुद्दत के पेले पैसा नी मिलेगा. और ये छूट तो टैक्स भरने वाले सेठों के काम की है. आपको तो टैक्स लगता ही नी."

म्हणजे माझ्या पैशांवर कुणाची तरी घरं उठणार, शेठजींचा कर वाचणार, आणि माझी मुदत संपायला अजून आठ वर्षं.

घरी आलो तर ही भांडी पोत्यात भरत होती. तिने चौकट हातातून घेतली, पदराने पुसली आणि परत माझ्याच हातात दिली.

मंडळी, तुमच्यापैकी कुणाकडे रिकामी भिंत आहे का?