गोदूच्या शेगडीवरचे मासे

परवा जव्हारच्या आमच्या घरात मी एक उद्योग केला. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, म्हणून मैत्रिणींनो, तुम्हाला सांगते.

माझी धाकटी नणंद गोदू बाळंतपणाला माहेरी आलीय. मुलगी झाली, सुटका नीट झाली, आणि पुढे सगळं अडलं... गोदूला दूधच येईना. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजलं, तर लेकरू तेही ओकून टाकायचं. परवापर्यंत त्याच्या रडण्यातला जोरसुद्धा गेला होता.

डॉक्टर येऊन बघून गेले. आईच्या पोटात काही जात नाही तर दूध येणार कुठून, म्हणाले. खरंच होतं ते... गोदूने अन्नच सोडलं होतं.

आमच्याकडे दुधासाठी हुकमी इलाज म्हणजे ओढ्यातले ताजे, बारीक मासे. शेतात भात पिवळं पडायला लागलं की हे बोटाएवढे मासे असे लठ्ठ होतात, की पोट दाबलं तर हाताला तेल लागतं. आमचे हे कचेरीत जायच्या आधी खालच्या वस्तीवरून मासे घेऊन येत होते. एरवी यांना उठवायला ढोल वाजवावा लागतो, पण बहिणीसाठी मुकाट उठत होते हो!

आधी मी कालवण केलं. चिंच, लसूण, मिरी... बाळंतीण म्हणून मिरची नाही. ताट जसंच्या तसं परत आलं.

मग तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकले. तव्याला नुसता तेलाचा हात फिरवला, कारण हे मासे स्वतःच्याच तेलात कुरकुरीत होतात. पुरुषांनी बोटं चाटली, आणि गोदूला वासानेच उलटी झाली. वर सासूबाई म्हणतात, "तुझ्या हाताला चवच नाही." माझं डोकं असं फिरलं म्हणता!

परवा पुन्हा ताट परत आलं, तेव्हा रागारागाने मीच त्यातला एक मासा तोंडात टाकला... आणि थुंकला. गारढोण! थिजलेलं तेल टाळ्याला चिकटलं, नुसता उग्र वास. अहो, चुलीवरून उतरवला तेव्हा हाच मासा किती गोड लागला होता!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मासे शिजणार परसातल्या चुलीवर. मग आधी पुरुषांची पंगत. ती उठली की ताट बाळंतिणीच्या उंबऱ्यावर ठेवायचं, कारण सोयर... रांधणारीने आत जायचं नाही, तिला शिवायचं नाही. सुईण येईल तेव्हा ती ताट आत सरकवणार. तोवर त्या माशांचं काय होत असेल?

सासूबाईंना म्हटलं, आज ताट आधी तिला देऊ, मी आत नेते. तर म्हणाल्या, "पुरुषांच्या आधी? आणि तू विटाळलीस तर घरात रांधायचं कुणी?" विषय संपला.

आतून लेकराचा आवाज येत होता... मांजराच्या पिलासारखा, बारीक. मला ते ऐकवेना.

मी मूळची खोडाळ्याची. भातकापणीला गेलो की माझी आई हेच मासे हळदीच्या पानात बांधून निखाऱ्यात ढकलायची. आणि इथे निखारे शोधायला कुठे जायला नको होतं. बाळंतिणीला शेकायची शेगडी खोलीतच पेटलेली होती.

रात्रीच्या पंगतीसाठी ठेवलेल्यांतले मूठभर मासे राखेने चोळून धुतले, अंगठ्याने पोटं साफ केली. मीठ-लसूण लावला, पानात बांधले... आणि सरळ उंबरा ओलांडून आत गेले. "अगं ए! शिवलीस ना सगळ्याला!" मागून सासूबाईंचा आवाज आला. मी वळूनही पाहिलं नाही. हेही गोदूने ओकलं तर ती पोर हातची जाणार, हे मला कळत होतं.

पुडी निखाऱ्यात ढकलली. पान काळं पडलं, कडेने तेल चुरचुरायला लागलं. गोदूने शेगडीकडे मान वळवली... मी काटा काढला, फुंकर घातली आणि घास तिच्या तोंडात दिला.

तिने गिळला. मग म्हणाली, "वहिनी, अजून आहे?"

मला रडूच फुटलं हो. मासे संपले तरी ही मागतेच आहे. एवढ्यात उंबऱ्यावरून दुसरी पुडी आत सरकली. सासूबाई बाहेर फतकल मारून बसल्या होत्या, तोंड फुगलेलंच. "मीठ बेताचं लावलंय, बघ," एवढंच म्हणाल्या. त्या रात्री पुरुषांना पिठल्यावर भागवावं लागलं.

काल दिवसभर तेच चाललं, पण लेकरू रडतच होतं. आणि संध्याकाळी एकदम रडणं थांबलं... एकदमच. मी उठायच्या आत सासूबाई हातातलं सूप टाकून धावल्या, सोयरबियर काही न बघता थेट आत.

गोदू भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. लेक छातीशी. दूध पोरीच्या गालावरून ओघळत होतं आणि ती चुटूचुटू पीत होती.

सासूबाई तिथेच मटकन खाली बसल्या. आमच्या ह्यांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती, ती बारशाआधीच गेली, एवढंच मला माहीत होतं. माझा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी आत कुणीच आलं नाही गं."

मैत्रिणींनो, तुमच्या घरी बाळंतीण असेल तर ताट आधी तिला द्या. आणि तिच्याजवळ बसून, गरम गरम भरवा.