झाकून ठेवलेला नाश्ता

सकाळताईंना सकाळ मुळीच आवडत नसे. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं, कारण ज्या वृद्धाश्रमात त्या कित्येक वर्षं नाश्ता करत होत्या, तिथल्या म्हाताऱ्या मंडळींनीच त्यांना हे नाव दिलं होतं. दुपारचा आणि रात्रीचा स्वयंपाक करणारी माणसं आली नि गेली. सकाळी मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताटली पुढे सरकवणारा हात तोच राहिला. नाव चिकटलं ते चिकटलंच.

अंधारात उठायचं, गार पाण्याने तोंड धुवायचं आणि तरीही बसमध्ये डुलक्या घ्यायच्या. वृद्धाश्रमाचं मागचं दार उघडून दिवा लावला की समोर मोठाली पातेली आणि सत्तरेक माणसांची भूक. एवढ्यांची पोटं भरणाऱ्या बाईच्या स्वतःच्या पोटात दुपारपर्यंत चहाखेरीज काही जात नसे. तोही उभ्या उभ्या, निम्मा गार झालेला. ‘वासानेच पोट भरतं हो,’ असं त्या सगळ्यांना सांगत. ते अगदीच खोटं नव्हतं. पण खायचं म्हणजे बसायला हवं, आणि एकदा बसलं की पुन्हा उठणं त्यांच्या जिवावर येई.

आहार ठरवायला तिथे एक मॅडम होत्या. तरुण, पण कामाला चोख. त्यांनी आल्या आल्या दोन नियम घातले होते. एक पदार्थ आठवड्यात पुन्हा दिसता कामा नये, आणि प्रत्येक ताटलीत तीन रंग हवेत. सकाळताईंनी तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता. रोज लापशी शिजवून वाढणं काय आणि हे काय! एक दिवस ओट्सच्या लापशीत किसलेलं सफरचंद आणि वरून अक्रोड. दुसऱ्या दिवशी पालक घातलेलं ऑम्लेट, भाजलेला पाव, कडेला टोमॅटोच्या फोडी. मग उकडलेलं रताळं आणि दही, मग वाफवलेले मूग आणि गाजर, मग पावावर शेंगदाण्याचं लोणी आणि केळ्याच्या चकत्या. आठवडा संपेपर्यंत ताईंच्या कमरेचा काटा ढिला व्हायचा.

पण मॅडमचं म्हणणं खरं निघालं, हे ताईंनी मोकळेपणाने कबूल केलं. रिकाम्या ताटल्या परत यायला लागल्या. लापशीकडे बघून नाक मुरडणारे आजोबा ‘आज काय आहे?’ म्हणून खिडकीत डोकावायला लागले. तेव्हापासून ताईंची अशी खात्रीच पटली की, माणूस खात नसेल तर चूक ताटलीची असते. ताटली बदला, सजवा, माणूस खाणारच.

नेमकं त्यांच्या घरीच हे घोडं अडलं.

घरी दोन खोल्या आणि त्यात दोघीच, ताई आणि त्यांची आई. ताईंचे वडील गेल्यानंतर आई इकडे राहायला आली. आधी ती चष्मा कुठे ठेवला ते विसरायची, मग दिवस विसरायला लागली, आणि मग दिवसा-रात्रीचा हिशेबच सुटला. तेही ताईंनी निभावलं असतं. विसरणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. पण आई वाळत चालली होती. अंघोळ घालताना दंडाला धरावं तर हाताला हाडच लागे. अंगातला झगा खांद्यावरून सारखा घसरायचा.

डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि स्पष्टच सांगितलं, “पुढच्या महिन्यात वजन आणखी उतरलं तर घरी ठेवून चालायचं नाही. कुठेतरी भरती करावं लागेल, नळीने अन्न द्यावं लागेल.”

ताईंच्या मोठ्या भावाने हे लगेच मनावर घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट लवकर मिटवायची घाई असे.

“तुमच्याच तिथे ठेवू या ना,” तो फोनवर म्हणाला. “तूच तर नाश्ता करतेस तिथे. घरी काय नि तिथे काय!”

“दादा, तिथे मी एकटीला नाही वाढत. सत्तर जणांना वाढते.”

“मग सत्तरात एक तीही.”

ताईंनी फोन ठेवला आणि ओटा पुसायला घेतला. सत्तरात एक, तेच तर त्यांना नको होतं. खिडकीतून आईचा हात पुढे येईल, त्या हातात आपण ताटली देऊ आणि मागच्या हाताकडे वळू. आईने खाल्लं की नाही, ते भांडी घासायला आल्यावर कळणार. हे रोज करायचं, ही कल्पनाच त्यांना सोसेना. त्या रडल्यासुद्धा, पण थोडंच, कारण फार वेळ रडायचंही त्राण नव्हतं.

मग त्यांनी त्यांना येत होतं तेच केलं. आईची ताटली सजवायला घेतली.

पहाटे कामावर निघण्याआधी आईचा नाश्ता तयार करून त्या टेबलावर ठेवून जात. शेजारच्या काकू उजाडल्यावर येत, आईला उठवत, खुर्चीत बसवत आणि आपल्या कामाला लागत. दुपारी ताई परत येत तेव्हा ताटली जशीच्या तशी असे, वर दुसरी ताटली उपडी घालून नीट झाकलेली.

“आई, खाल्लं का नाहीस?”

“खाईन गं. घाई काय आहे?” नाहीतर सरळ, “खाल्लं की मघाशीच.”

ताई दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी करत. अंड्याने होत नाही तर दही, दह्याने होत नाही तर मऊ शिजवलेली लापशी, तीत खजूर बारीक चिरून. आई जितकं कमी खाई, तितकी ताटली देखणी होत जाई. तीन रंगांचे चार झाले. झोपेने डोळे मिटत असताना ताई गाजराची फुलं कातरत बसत. बस चुकली तरी चालेल, पण फूल नीट व्हायला हवं.

एका पहाटे आई स्वतःच उठून स्वयंपाकघरात आली. टेबलावरची ताटली बघून तिचे डोळे विस्फारले.

“अगंबाई, किती सुरेख! कोण येणार आहे?”

“कुणी नाही गं. तुझ्यासाठीच आहे.”

“हो का?” आई म्हणाली, आणि ताईंनी वळून चप्पल घालेपर्यंत तिने ताटली झाकूनही टाकली.

ताईंनी ते विसरण्याच्या दुखण्यात जमा केलं. आई बहुधा बाबांची वाट बघते, असं त्यांनी काकूंना सांगितलं. काकूंनी मान हलवली आणि सांगितलं, “हो बाई, परवा मीही घास पुढे केला तर मलाच म्हणाली, तू घे आधी. मी म्हटलं, माझं झालंय घरी.” दोघींनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. रात्री ताई थकून कशाबशा जेवत आणि तडक आडव्या होत. तेव्हा आईच्या पोटात थोडंफार जायचं, म्हणून ती तगून होती. दुपारी ताई जेवतच नसत, यायच्या आणि झोपायच्या.

महिना संपत आला. ताईंच्या सुट्टीच्या दिवशी दादा येणार होता. त्याने वृद्धाश्रमाच्या कचेरीत परस्पर बोलणंही करून ठेवलं होतं. त्या सकाळी ताईंनी हात टेकले. फूल नाही, रंग नाही. दोन अंडी फेटून, दूध घालून मऊ शिजवली, पावाचे दोन काप भाजले, सगळं एकाच ताटलीत टाकलं आणि आईसमोर ठेवलं. आईने नेहमीप्रमाणे झाकायला दुसरी ताटली शोधायला सुरुवात केली.

“नको खाऊस,” ताई म्हणाल्या. आवाजात राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही. “मीच खाते. करून करून जीव गेला माझा.”

त्यांनी ताटली ओढली आणि खायला लागल्या. किती वर्षांनी त्या सकाळच्या वेळी बसून खात होत्या! अर्धं झालं आणि अंगात अशी काही सुस्ती भरली की ताटली पुढे लोटून त्यांनी टेबलावरच डोकं टेकलं. डोळा लागला.

चमच्याच्या आवाजाने जाग आली. त्यांनी डोकं उचललं नाही, तसंच पाहिलं. आई उरलेली अंडी खात होती. दोन-चार दाणे टिपल्यासारखं नव्हे, चांगली जेवत होती. पावाची कड मोडून तिने ताटली पुसून घेतली, तो तुकडा तोंडात टाकला आणि बोटं चाटली.

“आई?”

आई दचकली. “तुझं झालं होतं ना? तू टाकलंस म्हणून घेतलं. वाया कशाला घालवायचं?”

ताई उठून बसल्या. महिनाभर त्यांनी त्या बाईपुढे एकेक अखंड, सुंदर, कुणी हात न लावलेली ताटली ठेवली होती. आणि अखंड ताटली स्वतःसाठी असू शकते, हे त्या बाईला उभ्या आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. तिचं नाव, वार, महिना सगळं पुसलं गेलं होतं. सगळ्यांचं झाल्याशिवाय आपण खायचं नाही, एवढं मात्र पुसलं गेलं नव्हतं. आपण जितकं सजवलं तितकं आपणच तिला उपाशी ठेवलं, हे ताईंना कळलं आणि त्यांना स्वतःचीच चीड आली.

दादा आला तो घाईतच. “तयारी झाली का तिची?”

“बस आधी.” ताईंनी त्याच्यासमोर दह्याची वाटी ठेवली. त्यात केळं आणि अक्रोड होते.

“अगं, मी खाऊन आलोय.”

“दोन-चार घास खा आणि बाकीचं ठेव. का ते विचारू नकोस.”

त्याने कसेबसे चार चमचे खाल्ले आणि वाटी बाजूला सारली. आई तिकडेच बघत होती.

“झालं रे तुझं? पोट भरलं?”

“भरलं गं.”

आईने वाटी स्वतःकडे ओढली आणि खायला लागली. दादाने खुर्ची जवळ ओढली. चमचा वाटीच्या तळाशी वाजला.

“आपण शाळेत जायचो तेव्हा,” दादाने हळूच विचारलं, “ही काय खायची गं सकाळी?”

“मला माहीत नाही. मी कधी बघितलंच नाही.”

“मीही नाही,” दादा म्हणाला. चप्पल घालून तो दारापर्यंत गेला, परत आला, आणि उगीचच आईच्या खांद्यावरचा झगा सारखा करून गेला. कचेरीत तो एवढंच कळवणार होता की, अजून काही दिवस थांबू या.

त्यानंतर ताईंची झोप आणखी थोडी गेली. पहाटे स्वतः उठायचं, आईला उठवायचं, एकच मोठी ताटली भरायची आणि दोघींच्या मध्ये ठेवायची. पदार्थ त्या अजूनही बदलत, ती सवय कुठे जाणार, पण फुलं कातरणं बंद झालं. एवढ्या पहाटे खायचं म्हणजे घास तोंडात फिरे. दोनच घास घेऊन ताटली सरकवायची पळवाटही आईने ठेवली नाही. “एवढ्याने काय होतंय? नीट खा,” असं म्हणून ती ताटली परत ढकली. मग ताई खरंखुरं खात.

“भरलं पोट? खरं सांग,” आई विचारी.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ताईंनी हातातला घास ताटलीत ठेवला. खिडकीतून त्या रोज सत्तर जणांना विचारत, ‘आणखी हवं का?’ त्यांना मात्र कुणी विचारल्याला युगं लोटली होती. त्यांना रडू आलं आणि ते आईला दिसू नये म्हणून त्या पाणी आणायला उठल्या. त्या उठल्या, तशी आई खायला लागली. दुपारी परत आल्यावरही आता आधी जेवण, मग झोप.

काही आठवड्यांनी डॉक्टरांकडे जायचा दिवस आला. दादाही आला होता. आई काट्यावर उभी राहिली आणि ताईंनी नजर भिंतीकडे वळवली, कारण आकडा बघायचा धीर नव्हता. डॉक्टरांनी खाली वाकून पाहिलं, मग चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

“वाढलंय की! फार नाही, पण वाढलंय. घरीच राहू दे यांना.” ते ताईंकडे वळले. “काय सुरू केलंत? एखादं टॉनिक?”

“नाही हो,” ताई म्हणाल्या. “मी नाश्ता करायला लागले.”