तृतीयेची ओहोटी

"टीचर, पान उलटं चाललंय."

झोया हे म्हणाली तेव्हा माझ्या घड्याळात नऊ वीस झाले होते. उरणच्या बाजूला एका गावाबाहेर, ओहोटीमुळे उघड्या पडलेल्या खडकांवर आम्ही तिघी होतो. किनारा मागे राहिला होता. मी उकिडवी बसून एका डबक्यातले खेकडे मोजत होते. "पान नंतर बघू. आधी तुझा तक्ता पूर्ण कर," मी म्हणाले. मान वरही केली नाही. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही, आणि विसरू नये अशीच माझी इच्छा आहे.

आधी माझ्या कामाविषयी सांगते. पनवेलच्या एका शाळेत मी सतरा वर्षं विज्ञान शिकवलं. मग नोकरी सोडली आणि मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांबरोबर काम सुरू केलं. ही गोष्ट दोन हजार बाराच्या आसपासची. तेव्हा होमस्कूलिंग हा शब्द उच्चारला की समोरचा विचारायचा, "म्हणजे ट्यूशनच ना?" कामोठ्यात माझ्या बिल्डिंगमध्येच तीन क्लासेस होते. त्यामुळे चौथा क्लास मी काढला असणार, असा सोसायटीचा ठाम समज होता.

माझं काम वेगळं होतं. मुलासाठी वर्षाचा प्लॅन करायचा, आठवड्यातून दोनदा घरी जायचं, आणि घरातल्या, बाजारातल्या गोष्टींतून मूल काय शिकतंय ते आईवडिलांना दाखवून द्यायचं. वर्षभराच्या कामाची एक फाइल होते, तिला पोर्टफोलिओ म्हणतात. शिवाय एक लॉग असतो. रोज काय केलं ते मुलाने स्वतः वहीत लिहायचं. लॉगचा नियम एकच, आणि तो मीच केलेला: मुलाने लिहिलेलं पान मोठ्यांनी बदलायचं नाही, खोडायचं नाही, फाडायचं नाही.

झोया दहा वर्षांची. आई नसरीन, पनवेलमध्येच राहणारी. वडील कुवेतला क्रेन ऑपरेटर. झोयाचं लिखाण हळू होतं, म्हणून शाळेने तिला मागच्या बाकावर नेऊन बसवलं होतं. रोज सकाळी युनिफॉर्म घातला की तिला उलटी व्हायची. नसरीनने तिला शाळेतून काढलं, पण वडिलांना ते पटलेलं नव्हतं. फोनवर त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "एक वर्ष बघतो, टीचर. मार्चमध्ये फाइल दाखवा. नाही पटलं तर पोरगी परत शाळेत."

आणि आता जानेवारी उजाडला होता. फाइलमध्ये किराणा मोजण्याचे तक्ते होते, खिचडीतलं तांदूळ-डाळीचं प्रमाण होतं, गॅलरीतल्या मेथीची वाढ होती. सगळं चांगलं होतं, पण कुवेतमध्ये बसलेल्या बापाला मेथी दाखवून काय सांगणार? मला काहीतरी ठसठशीत हवं होतं. सरळ सांगायचं तर मला भाव खायचा होता.

भरती-ओहोटीचा विषय झोयानेच काढला होता. घरात दोन कॅलेंडरं टांगलेली होती. एक त्यांचं, चाँदच्या तारखेचं. दुसरं मी नेलेलं, तिथीचं. दोन्हीकडे चंद्र एकच आहे हे तिच्या लक्षात आलं आणि ती हरखून गेली. मग मी तिला किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तिथून सहा तास आणि वर थोडी मिनिटं मागे किंवा पुढे गेलं की ओहोटी. त्या रविवारी वद्य तृतीया होती. झोयाने मांडलं: तीनची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी आठला ओहोटी.

अपूर्णांक दिसले की रडणारी मुलगी ही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी प्लॅनमध्ये लिहून टाकलं, 'पोहोचणे: सकाळी आठ वाजता.'

गणित बरोबर होतं. नंतर मी ते कितीतरी वेळा तपासलं.

आठला पाच मिनिटं असताना रिक्षावाल्याने आम्हाला सोडलं. दहाला न्यायला येतो म्हणाला आणि गेला. पाणी खरोखर लांब गेलं होतं. झोयाने आईकडे असं पाहिलं, जणू ते पाणी तिने स्वतःच हटवलं होतं. किनारा आणि खडक यांच्यामध्ये एक नाळ होती, म्हणजे पाण्याची खोलगट वाट. तिच्यात घोट्याएवढं पाणी होतं आणि मधे पाय ठेवायला दगड होते. झोयाला मी एक काम दिलं होतं. नाळेत तिवराचं पान सोडायचं आणि ते कुठे वाहत जातं ते लिहायचं. जाताना एकदा, मधे एकदा, परतताना एकदा. पहिलं पान समुद्राकडे गेलं. तिने ते लिहून घेतलं.

तेवढ्यात समोरून पाच-सहा बायका आल्या. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत कालवं आणि चिंबोऱ्या. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई थांबली.

"बाय, आमी घरला निंघालो आन् तुमी आता आत चालल्यात?"

"हो. बरोबर आठला ओहोटी आहे ना! आम्ही हिशेब करून आलोय," मी म्हणाले. वर झोयाकडे बोट करून, "हिने केलाय हिशेब," असंही सांगितलं.

"म्हून तर आमी निंघालो," बाई म्हणाली.

मी हसले. ती हसली नाही. तिने झोयाकडे पाहिलं, नसरीनच्या पायघोळ बुरख्याकडे पाहिलं, आणि पुढे गेली. मला वाटलं, बाईचं काम आटोपलं असेल म्हणून निघाली असेल. सतरा वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला एवढंच वाटलं.

पुढचा सव्वा तास फार छान गेला. त्याबद्दल लिहायची मला लाज वाटते, पण गेला. शंख, खेकडे, खडकाला चिकटलेली कालवं. झोया प्रत्येक डबक्याची खोली पट्टीने मोजत होती. नसरीन फोटो काढत होती. नऊच्या पुढे झोया दुसरं पान सोडायला एकटीच नाळेच्या कडेला गेली. परत येऊन तिने ते वाक्य सांगितलं, आणि मी तिला तक्ता पूर्ण करायला बसवलं.

ती बसली. तिला मोठ्यांचं ऐकायची सवय होती. तिने तक्ता पूर्ण केला, त्यात बारा मिनिटं गेली.

मग नसरीन उभी राहिली. "टीचर, आपण आलो ती वाट कुठेय?"

मी मागे पाहिलं. दगड दिसत नव्हते. नाळेत घोट्याचं पाणी राहिलं नव्हतं. करडं, मातकट पाणी आवाज न करता आत घुसत होतं. समोर, समुद्राच्या बाजूला, खडक अजून कोरडे ठणठणीत होते. पाणी पुढून येईल म्हणून मी अधूनमधून तिकडे बघत होते. ते आमच्या पाठीमागून भरत होतं.

शाळेच्या सहली नेताना मला अनेकदा काळजी वाटली आहे, पण ही काळजी नव्हती. ही भीती होती. मला जेमतेम पोहता येतं, नसरीनला अजिबात येत नाही, आणि झोया माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. मुलीच्या आईने मुलगी माझ्या भरवशावर इथे आणली होती.

"चला. सरळ, पटकन," मी म्हणाले. आवाज शिक्षिकेचाच काढला.

झोयाचं मनगट धरून मी नाळेत उतरले. दोन पावलांत पाणी गुडघ्याच्या वर आलं. चौथ्या पावलाला माझा पाय चिखलात रुतला, आणि निघेना. झोयाच्या छातीला पाणी लागलं. ती किंचाळली नाही. तिने फक्त "टीचर, माझेपण पाय अडकले," असं अगदी हळू सांगितलं. मागे नसरीन मोठमोठ्याने "या अल्लाह, या अल्लाह" करत होती आणि तिचा बुरखा पाण्यावर फुगला होता.

तेव्हा किनाऱ्यावरून हाक आली. तीच बाई. ती घरी गेलीच नव्हती. टोपली शेजारी ठेवून दीड तास वाळूवर बसून राहिली होती.

"समोरशी नको! तिथं चिखल हाय! मागं फिरा!"

"मागे कुठे?" मी ओरडले.

"खडपावर चढा! तिकडं, दर्याकडं जावा! मी दावते तिकडं!" ती दोन्ही हातांनी समुद्राकडे खुणा करत होती.

किनारा डोळ्यांसमोर होता, जेमतेम शाळेच्या पटांगणाएवढा लांब, आणि ही बाई सांगत होती, पाठ फिरवा आणि समुद्राकडे चाला. माझे पाय उचलेनात. चिखलामुळे नव्हे. मला पटतच नव्हतं. पाण्याकडून पळायचं सोडून पाण्याकडे कोण जातं?

"टीचर," झोया म्हणाली, "त्या रोज येतात."

मी तिला काखेत धरून उपसून काढलं. तिच्या दोन्ही चपला खालीच राहिल्या. आम्ही परत खडकावर चढलो आणि समुद्राच्या दिशेने चालू लागलो. चाललो कसल्या, घसरलो, खरचटलो. कालवांच्या धारेने झोयाच्या तळव्याला चीर पडली आणि खडकावर रक्ताचे ठिपके उमटत गेले. प्रत्येक पावलाला मला वाटत होतं, मी या मुलीला चुकीच्या दिशेने नेते आहे. नसरीन सारखी विचारत होती, "टीचर, हेच बरोबर आहे ना?" मी "हो" म्हणत होते. मला काहीही माहीत नव्हतं.

किनारा पुढे वळून समुद्रात शिरला होता; त्याच्या काठाने बाई आमच्या बरोबरीने चालत होती. एका जागी ती थांबली, पदर खोचला आणि पाण्यात उतरली. तिथे पाण्याखाली खडकाची एक पट्टी नाळ ओलांडून किनाऱ्यापर्यंत गेली होती. वरून काहीच दिसत नव्हतं. ती पायाने चाचपत अर्ध्यापर्यंत आली. "आधी पोरीला द्या. पाय उचलू नका, सरकवा."

मी झोयाचा हात सोडला तो क्षण सगळ्यात वाईट. दोन हातांचं अंतर असेल. तेवढ्यात एक लाट आली आणि झोया गळ्यापर्यंत पाण्यात गेली. नसरीनच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मला आजही मधेच कधीतरी ऐकू येतो. मग बाईचा काळा, सुरकुतलेला हात झोयाच्या वेणीत दिसला. तिने मुलीला वेणीला धरून ओढून घेतलं होतं.

मागोमाग आम्ही दोघी सरकत सरकत पार झालो. पाणी माझ्या कमरेवर होतं. वाळूवर पोहोचल्यावर मी खाली बसले. माझी बॅग, मोबाइल, तक्ते, सगळं खडकावर राहिलं होतं. थोड्या वेळाने पाहिलं तर खडकच दिसत नव्हता.

बाईचं नाव काशीबाई. मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्या मागे सरकल्या.

"तुमी थांबलात म्हणून वाचलो," मी म्हणाले. घाबरून माझीही बोली बदलली होती बहुतेक.

"हिशेब बरोबर व्हता पोरीचा," काशीबाई म्हणाल्या. "आठालाच व्हती ओहोटी. पन ती येळ परतायची. आमी सहाला जातो. पानी तलाला टेकलं का पाठ फिरवायची."

मग झोयाच्या तळव्याला पदराची चिंधी बांधून त्या टोपली उचलून निघून गेल्या.

रिक्षाने आम्ही परतलो. पनवेल आल्यावर नसरीन म्हणाली, "टीचर, ह्यांना सांगू नका. खुदा के वास्ते. ते उद्याच्या उद्या शाळेत घालतील हिला." खरं सांगते, मलाही ते लपवायचंच होतं. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा झोयाने लॉग लिहून ठेवला होता. तिच्या हळू, वाकड्या अक्षरांत दीड पान. एवढं तिने कधीच लिहिलं नव्हतं. पान उलटं गेलं ते लिहिलं होतं. टीचरने तक्ता पूर्ण करायला सांगितला, ते लिहिलं होतं. पाणी गळ्यापर्यंत आलं तेव्हा खारट लागलं आणि मला भीती वाटली, असं लिहिलं होतं. शेवटी चौकट करून: 'ओहोटीची वेळ ही परतायची वेळ असते. काशीबाई.'

नसरीन माझ्याकडे बघत होती. महिन्याची पानं स्कॅन करून कुवेतला मेल करायची असत. एक पान कमी गेलं असतं तर कोणाला कळलं असतं? मी वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. झोया समोर बसून पायाची पट्टी सारखी करत होती. ते पान लपवायचं तर तिला काय सांगायचं, हे मला सुचेना. महिनाअखेरीस पान गेलं.

चार दिवस काही उत्तर नाही. मुलगी पुन्हा त्या मागच्या बाकावर जाणार, आणि माझ्यामुळे जाणार, एवढंच डोक्यात होतं.

पाचव्या दिवशी झोयाच्या वडिलांचा फोन आला. मी म्हणाले, "चूक पूर्णपणे माझी आहे. मुलीने मला सांगितलं होतं."

"वाचलं मी," ते म्हणाले. "टीचर, मी मूळचा उरणचा. माझी आई कालवं काढायची. सहा वर्षांचा असताना तिने मला शिकवलंय हे, आत कधी शिरायचं आणि पाठ कधी फिरवायची. मी मुलीला शिकवायला तिथे नव्हतो. तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि मला तुम्ही विचारलं नाही."

खरंच विचारलं नव्हतं. फाइल त्यांना दाखवायची, एवढंच मी धरून चालले होते.

"फाइल मार्चमध्येच बघतो," ते म्हणाले. "तोवर दर शुक्रवारी मला सुट्टी असते. झोयाला फोनवर बसवा. दर्याचं मी शिकवतो."

झोया परत शाळेत गेली नाही. मार्चमध्ये फाइल गेली, तिच्यात ते दीड पान सगळ्यात वर लावलं होतं. वर लावायचं झोयानेच ठरवलं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्लॅनमध्ये एक रकाना जास्त असतो: 'परतायची वेळ'. तो मी सगळ्यात आधी भरते. आणि मूल म्हणालं, टीचर, हे उलटं चाललंय, की हातातलं काम टाकून उठते. बहुतेक वेळा काही नसतं. तरी उठते.