चिखलासाठी बांधलेली जीप

"चिखलात चालंल का?"

फौजी हा प्रश्न कशालाही विचारत. टायरला विचारला तर ठीक, माझं दुकानच टायरचं होतं. पण एकदा मी नव्या वहाणा घालून गल्ल्यावर बसलो होतो, तर त्यांनी एक वहाण उचलून घेतली, अंगठ्यानं तळ दाबून पाहिला आणि तोच प्रश्न विचारला. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हा मुहूर्त वाचायचा सोडून त्यांनी मांडवाचं ठिकाण वाचलं. "तिथं चिखल व्हतो का?" लग्न वैशाखात होतं. वैशाखात नगरला चिखल शोधायचा तर म्हशीच्या गोठ्यातच जावं लागेल, असं मी त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. ते फारसे हसतच नसत.

असा एकाच गोष्टीनं झपाटलेला माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याची थट्टा करतो आणि तो आला नाही की दोनदा रस्त्याकडं बघतो.

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. सगळा स्टेशन रोड त्यांना फौजीच म्हणायचा. लष्करात ते गाडी चालवायचे, निवृत्त होऊन सावेडीकडं दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले होते. तेव्हा सावेडी म्हणजे चार घरं आणि बाकी सगळी वावरं. बायको वारलेली. एकुलती एक लेक शेवगावच्या पलीकडं, गोदावरीकाठच्या काळ्या रानात दिलेली. घरात माणूस एक आणि ताटं सहा. ती रोज सगळी घासून पालथी घालतो, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. का, ते मी विचारलं नाही.

आता चिखलाचं सांगतो. आपल्याकडं नागपंचमीला लेक माहेरी येते. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक करून भाऊच जातो. फौजींच्या लेकीला भाऊ नव्हता, म्हणून मुराळी व्हायचं तेही बापानंच. पण पंचमी येते भर श्रावणात आणि श्रावणात त्या गावाचा रस्ता बंद. एसटी पाच-सहा मैल अलीकडंच सोडते. पुढं काळी माती. ज्यांनी ती तुडवली नाही त्यांना सांगून कळायची नाही. तिथं बैलगाडीसुद्धा आसापर्यंत रुतते आणि दिवाळीपर्यंत तिथंच राहते. मग इतर वेळी आणावी ना लेकीला? तर दिवाळीला सुगी, उन्हाळ्यात सासरची लग्नकार्यं. सासरचे म्हणत, पंचमीला न्या की, आम्ही कुठं नको म्हणतो?

एका पंचमीला ते पायी निघाले. गावाच्या तोंडाशी ओढ्याला पूर होता. लेकीला निरोप गेला, ती धावत पलीकडच्या काठावर आली.

"मधी पानी," ते मला सांगत होते. "ती काय बोलती ते ऐकू येईना. मी वरडलो, बरी हाय का? तिनं मान हलवली. मंग दोघं बी बसलो. ती तिकडं, मी हिकडं. अंधार पडायला लागला तशी सासू तिला घेऊन गेली."

"आणि तुम्ही?"

"मी काय करनार? आलो माघारी." मग दुकानातल्या टायरवर हात ठेवून म्हणाले, "आई गेली म्हनून पोरीचं माहेर गेलं, असं न्हाई व्हता कामा."

त्यानंतर त्यांनी लष्करी छावणीच्या लिलावात एक जुनी जीप घेतली. चारही चाकांना जोर मिळणारी. तिचा रंग उडालेला, टप नव्हता आणि हॉर्न वाजवला की शिंक आल्यासारखा आवाज यायचा. बाकी इंजिन ठणठणीत होतं. आणि मग सुरू झाला टायरचा शोध.

जीपला जे टायर असतात ते त्यांना बारीक वाटले. ते माझ्या दुकानाच्या मागं रचलेल्या ढिगावर चढले आणि लष्करी ट्रकचे खोल खाचांचे दांडगे टायर ओढून काढू लागले. मी म्हणालो, "फौजी, हे मडगार्डला घासतील." ते म्हणाले, "मडगार्ड कापू." मी म्हणालो, "स्टिअरिंग जड होईल." ते म्हणाले, "मनगटं हाईत." मी धंदेवाला माणूस, गिऱ्हाईक मोठी वस्तू मागतंय तर लहान का देऊ? तरी बजावलं, की चाक मोठं झालं की सगळा ताण आतल्या ॲक्सलवर जातो. त्यांनी ऐकलं नाही असं नाही, पण त्यांना तेव्हा फक्त चाकं दिसत होती.

टायर चढले. सावेडीच्या एका पाणी भरलेल्या वावरात आम्ही गाडी घालून पाहिली. जीप ऐटीत आत गेली, मधोमध रुतली, फौजींनी जोर दिला आणि आतून काडकन आवाज आला. ॲक्सल तुटला. वावराचा मालक बांधावर उभा राहून आम्हा दोघांच्या सात पिढ्यांची चौकशी करत होता. शेवटी त्याच्याच बैलांनी जीप बाहेर काढली.

माझ्या दुकानाशेजारच्या गॅरेजच्या करीम मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि मान हलवली. "फौजी, पाय बडे लावले, हाडं तीच ठेवली. असं कसं चालेल?"

मग हाडं बदलली. मोडीत निघालेल्या एका जड लष्करी गाडीचे जाड ॲक्सल मिस्त्रींनी कापून, जोडून, महिनाभर खटपट करून जीपखाली बसवले. त्या वजनाला जुन्या स्प्रिंगा दबायला लागल्या म्हणून त्यांत जादा पाटे घातले. जीप हातभर उंच झाली. आत चढायचं म्हणजे आधी चाकावर पाय ठेवायचा, मग देवाचं नाव घ्यायचं. पण पुन्हा त्याच वावरात घातली तेव्हा ती रेड्यासारखी चिखल फाडत आरपार गेली. त्या दिवशी मात्र फौजी हसले. वावराच्या मालकाला या खेपेला आम्ही आधीच विचारलं होतं.

हे सगळं झालं आणि बहात्तरचा दुष्काळ पडला.

त्या साली काय झालं ते नगर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. ज्येष्ठ कोरडा, आषाढ कोरडा. सगळं जग पाण्यासाठी आभाळाकडं बघत होतं आणि फौजी चिखलासाठी बघत होते. याची त्यांना लाजही वाटत असावी. दुकानात लोक गुराढोरांच्या, विहिरींच्या गोष्टी बोलायला लागले की ते उठून जीपपाशी जाऊन उभे राहायचे. श्रावणात ते निघाले तेव्हा रस्त्यावर फुफाटा होता आणि ओढ्यातून पोरं सायकली नेत होती. त्या एका वर्षी कोणीही त्या गावाला जाऊ शकलं असतं.

लेक भेटली ती दुष्काळी कामावर, खडी फोडताना. सासरचं सगळं घर तिथं होतं. सासू म्हणाली, औंदा कसला सन आन् कसली पंचमी, हात कमी झाला तर खायाचं काय? तिचंही खोटं नव्हतं. फौजी तासभर लेकीशेजारी बसून खडी फोडत राहिले आणि परत आले. दुकानात आल्यावर म्हणाले, "गाडी चांगली चालली. पर चिखल नव्हता." बाकी मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं.

पुढच्या साली पाऊस आला. चांगला आला. श्रावणात फौजी दुकानाच्या पायरीशी जीप घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चला मालक, दोन मान्सं असली की बरं." पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, मागच्या बाकावर चौघडी करून गोधडी घातलेली. लेकीसाठी. मी दुकान भावाच्या गळ्यात मारलं आणि निघालो.

एसटी जिथं थांबते तिथं लोक चिखलाच्या अलीकडं उभे होते. आमच्याकडं बघून एक म्हातारा म्हणाला, "जाऊ नका, रुतताल." फौजींनी गिअर टाकला. पुढचे पाच-सहा मैल मी दोन्ही हातांनी दांडी धरून बसलो होतो. ते जाड पाटे इतके ताठ होते की प्रत्येक खड्डा माकडहाडातून डोक्यापर्यंत जायचा. एकदा जीभ चावली, एकदा माझी टोपी उडून गेली, ती काही आम्ही आणली नाही. पण जीप थांबली नाही. ओढ्यात पाणी होतं, त्यातूनही ती गेली. फौजींचा चेहरा मी बाजूनं बघत होतो. आयुष्यात एकदा तरी माणसाला असं जिंकल्यासारखं वाटावं.

गाव गोळा झालं. पोरं टायरच्या खाचांत बोटं घालून बघायला लागली. लेक दारात आली, बापाला बघून तिथंच थांबली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. फौजी म्हणाले, "न्यायला आलो."

चहा झाला. मग सासू बाहेर आली, ओट्यावरून तिनं जीपकडं नीट पाहिलं आणि मऊ आवाजात म्हणाली, "इवाई, गाडी झ्याक हाय. पर पोरीला तिसरा लागलाय. पाच वर्सांनी दिस गेल्यात. ह्या गाडीत हिला कशी धाडू? वाटंत काय झालं तर?"

फौजींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांना आनंद झाला, तो मी पाहिला. मग त्यांनी जीपकडं पाहिलं. ते उठले, चाकापाशी गेले आणि पाट्यांवर हात ठेवून उभे राहिले.

"बाळंतपन बी आमी हिथंच करू," सासू म्हणाली. "तुमच्यात बाईमानूस न्हाई. राग मानू नका."

"न्हाई, न्हाई. बरूबर हाय तुमचं," ते म्हणाले. माझं ठणकणारं माकडहाडही तिच्याच बाजूनं होतं. निघताना लेक जीपपर्यंत आली आणि गोधडीची घडी सारखी करून गेली.

परतीच्या वाटेवर चिखल तोच होता आणि जीप तशीच चालली. मागं गोधडी उसळत होती. मला वाटलं, काहीतरी बोलावं. गाडीनं कमाल केली, असं काहीतरी मी म्हणालो. त्यांनी मागं वळून गोधडीकडं पाहिलं. मग म्हणाले, "पोचायला बांधली. आनायचं ध्यानातच न्हाई आलं."

मला त्या दिवशी त्यांचं फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

दिवाळीनंतर ते पुन्हा दुकानात आले, ते वेगळ्याच कामाला. आता त्यांना मऊ गाडी पाहिजे होती. येत्या उन्हाळ्यात, वाट वाळली की, लेकीला आणि बाळाला आणायचं. ॲक्सल पुन्हा जीपच्या मूळ मापाचे, टायर बारीक, पाटे कमी, बाकावर काथ्याची जाड गादी. मी थट्टेनं म्हणालो, "फौजी, मग पंचमीला काय करणार? ही चिखलात नाही चालायची."

"पंचमीचं पंचमीला बघू," ते म्हणाले. "आधी एकदा तरी घरी येऊ द्या तिला."

मिस्त्रींनी सावेडीत त्यांच्या दारातच काम काढलं. जड ॲक्सल खोलून मूळ मापाचे बसवले, पाटे एकेक करून कमी केले. दर वेळी फौजी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या मागच्या बाकावर ठेवायचे, जीप दाबून सोडायचे आणि पाणी सांडलं की मिस्त्रींकडं बघायचे. मिस्त्री वैतागून मला सांगायचे, "आपण जीप बनवतोय का पाळणा?" चाकं काढलेली, ॲक्सलखाली दगड देऊन जीप उभी.

पौषात एका सकाळी मिस्त्री कामाला गेले तर दार उघडेना. फौजी झोपेतच गेले होते. जावई आला, त्यानंच सगळं केलं. लेकीला आणलं नाही, तिचे दिवस भरत आले होते. दगडांवरच्या जीपवर मी आणि मिस्त्रींनी ताडपत्री बांधली. घरमालक भला होता, लगेच जागा मोकळी करा म्हणाला नाही.

चैत्रात जावई दुकानात आला. मागं लेक होती, छातीशी टोपडं घातलेलं बाळ. एसटीनं आले होते. बाबांचं घर बघायचं म्हणाली. मी दुकान बंद करून त्यांच्याबरोबर गेलो.

दोन्ही खोल्या तिनं झाडल्या. चूल नव्हती पेटवायची, तरी सारवली. मग बाहेर येऊन विचारलं, "ह्येच्याखाली ती गाडी हाय?"

मी ताडपत्री सोडली. चाकं नसल्यामुळं जीप अगदी जमिनीलगत होती. तिला कोणी हात द्यायची गरज पडली नाही. बाळाला घेऊन ती सहज आत चढली आणि मागच्या बाकावर बसली. तिच्या वजनानं जीप हळूच खाली गेली आणि हळूच वर आली. बाळ जागं झालं नाही.

ती तिथंच बसून राहिली. ऊन कलंडलं, शेवगावची गाडी सुटायची वेळ झाली. जावई दोनदा पुढं आला. दोन्ही वेळा मी त्याला हातानं थांब म्हणालो. लेक माहेरी आली होती.