कुंदाच्या पानातलं मीठ

मुलींनो, शाळेत प्रार्थनेला उभ्या असताना आपली कुंदा पांढरीफटक होऊन खाली बसायची आणि आपण तिला वहीने वारा घालायचो, आठवतं ना?

आज सकाळी ती पवनारला स्वतःच्या स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. कपाळाला टाके पडलेत. आत्ताच तिला भेटून आले.

उभं राहिलं की तिचं बीपी एकदम उतरतं, म्हणून डॉक्टरांनी तिला जेवणात मीठ वाढवायला सांगितलंय. पण भाऊजींचं बीपी जास्त. त्यामुळे घरात सगळं अळणी शिजतं, आणि त्यांचं झाल्यावर ती तेच जेवते.

"अगं, वरून घेत जा ना!"

"यायले राग येते. म्हणतात, मी अळणी खातो अन् तुले चव पाहिजे काय?"

भाऊजी पलंगावरूनच म्हणाले, "नाटकं करून राह्यली. मीठ का औषध असते?"

मी गप्प बसले नाही, पण उपयोगही झाला नाही. नवऱ्याच्या पथ्यापायी बायकोने किती वेळा पडायचं, सांगा.

उद्या जाणाऱ्यांनी फळं नेऊ नका. मिठाची बरणी कुंदाच्या हातात द्या. भाऊजींना त्यांच्या अळणी भाजीसाठी वेगळी कढई द्या, आणि उलथनंही त्यांच्याच हातात द्या.